गोल्फच्या खोलीची रुंदी

“बांबू आणखी वर. अजून. हां, आता हलू नका, बाई,” असं म्हणून अण्णा शिंत्र्यांनी पाय फाकवले, कंबर वळवली आणि हातातला लांब दांड्याचा क्लब डोक्यावरून असा फिरवला की मी डोळे गच्च मिटून घेतले. कानाशेजारून सूं करत वारा गेला. बांबू शाबूत होता, मीही शाबूत होते. डोळे उघडले तर अण्णा पोट धरून हसत होते.

“डोळं मिटून माप घेताय व्हय? मग लोकांची घरं कशी बांधता?”

“घरात कुणी काठी फिरवत नाही, अण्णा.”

“काठी न्हवं, ड्रायव्हर म्हंत्यात त्याला. परत धरा बांबू. छत किती उंच लागतंय ते आत्ताच कळू दे. मागनं क्लब वर आदळला तर तुम्हालाच बोलवून घेणार बघा.”

मी परत बांबू धरला. या वेळी डोळे उघडे ठेवले आणि क्लबचं टोक जिथवर पोचलं तिथे खडूने खूण केली.

अण्णा म्हणजे यशवंतराव शिंत्रे. शिरोलीच्या एमआयडीसीत त्यांची फौंड्री होती आणि रुईकर कॉलनीत बंगला होता. साठी उलटली होती तरी अंग तालमीतलं, आवाज भट्टीशेजारी उभं राहून कमावलेला. बंगल्याच्या मागच्या बागेत त्यांना एक खोली बांधायची होती. कशासाठी, तर घरच्या घरी गोल्फ खेळायला. फोनवर पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, कॉलेजातलं कुणीतरी आवाज बदलून चेष्टा करतंय. मी पुण्यात शिकून, तिथल्याच एका ऑफिसात उमेदवारी करून नुकतीच कोल्हापूरला परत आले होते. दारावर ‘गौतमी नाडगोंडे, आर्किटेक्ट’ अशी पाटी लावली होती आणि त्या पाटीखालून येऊन लोक विचारत होते ते फक्त संडास-बाथरूमच्या गळतीचं. अशात हे काम आलं. त्याला आता बरीच वर्षं झाली, पुढे मी शाळा बांधल्या, एक छोटं इस्पितळ बांधलं, पण कुणी माझ्या कामाबद्दल विचारलं की मला आधी ती बागेतली खोलीच आठवते.

सिम्युलेटर म्हणजे काय हे अण्णांनी मला चहाच्या कपबशा मांडून समजावलं होतं. समोर पडदा, पडद्यावर मैदानाचं चित्र. जमिनीवरच्या मॅटवर खरा चेंडू ठेवून आपण तो खऱ्या क्लबने पडद्यावर मारायचा. कॅमेरा त्याचा वेग आणि दिशा टिपतो आणि चित्रातला चेंडू तसाच उडत जाऊन हिरवळीवर पडतो. जर्मनीचं गिऱ्हाईक आलं की त्याच्याबरोबर खेळता यावं म्हणून अण्णांनी कधीकाळी गोल्फ शिकून घेतलं होतं. गिऱ्हाईक राहिलं बाजूला, नाद मात्र लागला. हौसेला मोल नसतं म्हणतात, तसलाच हा प्रकार असणार, असं मी धरून चालले होते.

“दिवाळीला आमचा इंद्रजित येतोय,” अण्णा क्लब पुसत म्हणाले. “मेलबर्नला असतोय, पुलांच्या कंपनीत. त्याच्या आधी खोली उभी पाहिजे. तो आणि मी खेळणार.”

“त्यांना येतं गोल्फ?”

“माझ्यापेक्षा चांगलं आलं असतं,” अण्णा म्हणाले आणि क्लब पिशवीत ठेवायला वळले.

तेवढ्यात काकी ताक घेऊन आल्या. विजयमालाकाकी, अण्णांच्या पत्नी. ठेंगण्या, गोऱ्या, कपाळावर ठसठशीत कुंकू. अस्सल कोल्हापुरी बायकांच्या रीतीने त्या ‘मी येतो, मी सांगतो’ असंच बोलायच्या. बागेच्या कोपऱ्यात एक मोठा चिक्कू होता, त्याच्या सावलीत त्यांच्या जावा-नणंदा जमून दर उन्हाळ्यात वर्षाचा मसाला करत. त्या दिवशीही तिथे मिरच्या पसरलेल्या होत्या आणि खडूने खूण करता करता मी चार वेळा शिंकले होते.

“माझ्या झाडाला धक्का लावायचा न्हाई हं,” काकी मला ताकाचा पेला देत म्हणाल्या. “आधीच सांगून ठेवतो. मी लावलेलं हाय ते.”

“झाडाला कोण काय करतंय?” अण्णा म्हणाले.

“तुमचं काय सांगावं. तुम्हाला एकदा डोक्यात आलं की आलं.”

फाटकापर्यंत काकी मला सोडायला आल्या. गाडीची किल्ली मी पर्समध्ये चाचपत होते, तेव्हा त्यांनी हळूच माझं मनगट धरलं.

“बाई, खोली चांगली करा. तो येतो, पाया पडतो, जेवतो, माझ्याशी बोलतो. ह्यांच्याजवळ मात्र अर्धा तास बसत न्हाई कधी. काहीतरी काम काढून उठतो, आणि दोन दिवसांत परत जातो. दर वेळचं हेच. म्हणून ह्यांनी आता खोलीच बांधायला काढलीया. खेळायच्या निमित्तानं तरी बसंल म्हणून.”

मग मला त्या हौसेचा अर्थ कळला. निदान मला तसं वाटलं.

जागेचं गणित मात्र सुटेना. एका बाजूला बोअरची मोटर आणि पाण्याची टाकी, दुसऱ्या बाजूला शेजाऱ्यांची भिंत. उरलेल्या जागेत खोली बसवली की तिची एक भिंत बरोबर चिक्कूच्या बुंध्यातून जात होती. उंची, लांबी सगळं जमत होतं, घोडं पेंड खात होतं ते रुंदीपाशी. मी खोली फिरवून पाहिली, पुढे-मागे सरकवून पाहिली. चिक्कू काही हलायचं नाव घेईना.

शेवटी मी सिम्युलेटर बसवणाऱ्या पुण्याच्या माणसाला फोन केला. माणूस हुशार होता.

“मॅडम, खेळणारे किती जण?”

“वडील आणि मुलगा.”

“डावखुरं कुणी आहे?”

“नाही,” मी बेधडक सांगून टाकलं. अण्णांना मी खेळताना पाहिलं होतं, ते उजव्या हाताचे होते. मुलाचा विचार करायचं माझ्या डोक्यातही आलं नाही.

“मग मॅट मधोमध कशाला घेताय?” तो म्हणाला. “उजव्या हाताचा माणूस चेंडूच्या एकाच बाजूला उभा राहणार. क्लब फिरवायला जागा त्याच बाजूला लागते. चेंडूच्या पलीकडे भिंत जवळ असली तरी काही बिघडत नाही. मॅट त्या भिंतीकडे सरकवा, तुमची खोली चार फुटांनी आकसेल. मधोमध मॅट लागते ती दोन्ही हातांचे लोक खेळणार असतील तरच.”

मी फोन ठेवला आणि टेबलावर थाप मारली. सुंठीवाचून खोकला गेला होता. नवा नकाशा काढला, त्यात चिक्कू हिरव्या पेन्सिलीने मुद्दाम जरा डौलदार रंगवला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच रुईकर कॉलनी गाठली.

व्हरांड्यात अण्णा, काकी आणि मी बसलो. मी नकाशा उलगडला आणि कौतुकाची वाट बघत सगळं समजावून सांगितलं. काकींचा चेहरा उजळला. त्यांनी हिरव्या झाडावर बोट ठेवलं.

“बघा, राह्यलं का न्हाई माझं झाड? शिकलेली पोरगी हाय. सांगत होतो मी तुम्हाला.”

अण्णा नकाशाकडे बघत राहिले. मग त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

“मॅट मधोमध घ्या,” ते म्हणाले.

“पण अण्णा, गरज नाही त्याची. बाजूला घेतली तरी—”

“मधोमध घ्या.”

“अहो, पण का?” काकी म्हणाल्या. “खेळणार तुम्ही दोघं. नुसतं चेंडू मारायला एवढी ऐसपैस खोली कशाला? काय कुस्त्या लावायच्यात तिथं?”

“मी सांगतोय तसं करा.”

“प्रत्येक गोष्टीत ‘मी सांगतोय तसं’! झाड तोडून काय मिळणार हाय तुम्हाला?”

 काकींचे डोळे भरून आले होते. मला वाटलं आपण बाई-माणसाची बाजू घ्यायला हवी, शिवाय बाजू बरोबरही होती. मी जरा चढ्या आवाजातच म्हणाले, “अण्णा, यात तुमचाच फायदा आहे. मी त्या पुण्याच्या माणसाला विचारलंय. मॅट मधोमध लागते ती कुणी डावखुरा खेळणार असेल तरच.”

 काकींनी हातातला कप खाली ठेवला. त्या अण्णांकडे बघू लागल्या. अण्णा त्यांच्याकडे बघेनात. ते आपल्या गुडघ्यांवर ठेवलेल्या दोन्ही हातांकडे बघत होते. तो माणूस एवढा मोठ्या अंगाचा, पण त्या वेळी शाळेत उभा केलेल्या पोरासारखा दिसत होता.

काकी उठल्या. पदर खोचला.

“गौतमी,” त्या म्हणाल्या. मला त्यांनी नावाने हाक मारली ती तेव्हा पहिल्यांदा. “झाड तोडायला माणसं सांगून टाक.”

आणि आत निघून गेल्या.

मी त्यांच्या मागोमाग स्वयंपाकघरात गेले. त्या ओट्याला टेकून उभ्या होत्या. मला वाटलं होतं रडत असतील, पण रडत नव्हत्या.

“काकी, मी काही चुकीचं बोलले का?”

“न्हाई गं. तुला काय माहीत.” त्यांनी नळ सोडला, उगाच हात धुतले, नळ बंद केला. “डावरा होता आमचा इंद्रजित. जन्मापासनं. वाटी द्या, पेन्सिल द्या, डावा हात पुढं. माझ्या सासूबाईंना खपायचं न्हाई. ताटावर डावा हात, अवदसा म्हणायच्या. आणि ह्यांना वाटायचं, चार लोकांत पोराला हसतील. मग जेवायला बसला की हे रुमालानं त्याचा डावा हात खुर्चीला बांधायचे. जेवण होईपर्यंत.”

“रोज?”

“रोज. मारलं न्हाई कधी. तसं वंगाळ बोलायचे पण न्हाईत. शांतपणानं बांधायचे. मी काय केलं विचार.”

मी विचारलं नाही. त्यांनीच सांगितलं.

“ह्यांची पाठ फिरली की मी गाठ सैल करायचो. सोडायचो न्हाई. सैल करायचो, एवढंच.”

बाहेर अण्णांच्या खुर्चीचा आवाज आला. काकींनी आवाज खाली आणला.

“मग ह्यांनी त्याला गोल्फला नेलं. पोरगं हरखलं होतं. मैदानावर परदेशी पाहुणे होते ह्यांचे. पोरानं कुणाचा तरी क्लब उचलला, उलटा धरला आणि डाव्या हातानं चेंडू असा हाणला म्हणं, की ते गोरे साहेब टाळ्या वाजवायला लागले. ह्यांनी सगळ्यांसमोर त्याचा दंड धरला आणि त्याला फिरवून उजव्या हाताच्या माणसासारखा उभा केला. तसं त्याला काय जमंना. आला घरी, खोलीत गेला, दार लावलं. भांडला असता तर बरं झालं असतं गं. भांडला न्हाई. दिसामाशी लांब लांब जात राह्यला. आधी पाचगणीला हॉस्टेल, मग पवईला आयआयटी, मग तिकडं मेलबर्न.”

“आता ते डावाच हात वापरत असतील,” मी म्हणाले. काहीतरी बरं बोलावं म्हणून म्हणाले.

“वापरत असणारच. आमच्यासमोर उजवा, आमच्या मागं डावा, लहानपणी पण तसंच करायचा. तिकडं कोण बांधायला बसलंय?” त्या थोडं थांबल्या. “ह्यांनी मला कधी सांगितलं न्हाई, हे मनात घेऊन बसलेत म्हणून. आज कळलं मला. झाडाचं काय, झाड परत लावता येतं.”

चिक्कू पाडला त्या दिवशी काकी देवळाचं निमित्त करून बाहेर गेल्या. अण्णा मात्र शेवटची फांदी गाडीत चढेपर्यंत ऊन खात तिथेच उभे होते.

पाऊस लागायच्या आत जोतं झालं, लोखंडी सांगाडा उभा राहिला. कोल्हापूरचा पाऊस एकदा लागला की बांधकामाचे हाल कुत्रा खात नाही, पण भिंतींचे आणि छताचे तयार पॅनेल होते म्हणून निभावलं. अण्णा रोज फौंड्रीतून परस्पर येत. कारागिरांच्या कामात एरवी नाक खुपसणारा माणूस, पण इथे फक्त रुंदी मोजायचा. टेप घेऊन मॅटच्या जागेपासून या भिंतीपर्यंत, मग त्या भिंतीपर्यंत. दोन्ही आकडे सारखे आले की टेप गुंडाळून खिशात टाकायचा.

एकदा मी गेले तर ते आत एकटेच होते. पडदा अजून लागायचा होता. ते मॅटच्या उजव्या बाजूला, म्हणजे डावखुरा उभा राहतो त्या जागी उभे होते आणि मागे वळून भिंतीकडे बघत होते.

“इथनं क्लब लागणार न्हाई ना भिंतीला? उंच हाय तो. माझ्यापेक्षा उंच हाय.”

“नाही लागणार, अण्णा.”

“नक्की?”

“नक्की. हवं तर परत बांबू आणते.”

ते हसले नाहीत. छतावर पाऊस वाजत होता, त्यामुळे त्यांना मोठ्याने बोलावं लागत होतं, आणि जे बोलायचं होतं ते मोठ्याने बोलण्यासारखं नव्हतं.

“मला वाटायचं, वळण लावतोय,” ते म्हणाले. “माझ्या बापानं मला लावलं, मी त्याला लावतोय. एवढंच वाटायचं बघा. दुसरं काय न्हाई. फौंड्रीत ओतलेलं कास्टिंग फसलं तर आम्ही ते फोडतो आणि परत भट्टीत घालतो. पोराचं काय करायचं?”

“तुम्ही हे त्यांना सांगा ना.”

“सांगणार की. तो आला की सांगणार. आधी हातात देतो आणि मग सांगतो.”

हातात काय द्यायचं होतं ते पुढच्या आठवड्यात एका लांबट खोक्यातून आलं. डावखुऱ्यांचे क्लब. इथे मिळत नाहीत म्हणून बाहेरून मागवलेले. अण्णांनी खोकं उघडून सगळे एकदा पुसले आणि परत जसेच्या तसे आत ठेवले.

इंद्रजित धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी आला. दुसऱ्या दिवशी सकाळी खोलीची पूजा होती आणि काकींनी मला आग्रहाने बोलावलं होतं. गोल्फच्या खोलीची वास्तुशांत मी तरी त्याआधी पाहिलेली नव्हती. भटजींनाही प्रश्न पडला होता. संकल्पात काय म्हणायचं म्हणून त्यांनी दोनदा विचारलं आणि शेवटी स्वतःच ‘क्रीडागृह’ असं ठरवून टाकलं. आम्ही सगळे हसलो. इंद्रजितही हसला. उंच, शांत, पस्तिशीच्या आसपासचा माणूस, कानांशेजारी केस पिकायला लागलेले. आईशी मऊ बोलत होता, वडिलांना विचारलेल्याचं उत्तर देत होता. मला ‘मॅडम, छान झालंय काम’ म्हणाला.

मी त्याच्या हातांवरून नजर काढू शकत नव्हते. अण्णाही नाही, काकीही नाही. प्रसाद त्याने उजव्या हातात घेतला, पण प्रसाद काय, सगळेच उजव्या हातात घेतात. फोन वाजला तो त्याने उजव्या हाताने उचलला. दाराची कडी उजव्या हाताने सरकवली. काकींनी माझ्याकडे पाहिलं आणि नजर वळवली. आमच्यासमोर उजवा, असं त्यांनीच सांगितलं होतं.

भटजी गेले. आम्ही चौघं उरलो. मी निघते म्हटलं तर अण्णा म्हणाले, “थांबा बाई. खोली तुमची हाय.” बहुतेक त्यांना कुणीतरी परकं माणूस तिथे हवं होतं, म्हणजे धीर सुटणार नाही. त्यांनी प्रोजेक्टर लावला. पडद्यावर हिरवंगार मैदान उमटलं. मग त्यांनी कोपऱ्यातलं लांबट खोकं आणून इंद्रजितच्या पायाशी ठेवलं.

“उघड.”

इंद्रजितने खोकं उघडलं, एक क्लब बाहेर काढला. फिरवून बघितला. परत फिरवला.

“अण्णा, हे डावऱ्यांचे आहेत.”

“तुझे हाइत.” अण्णांनी दोन्ही भिंतींकडे हात केला. “खोली बघितलीस न्हवं? मॅट मधोमध हाय. दोन्हीकडनं सारखी जागा हाय, विचार ह्या बाईंना. तुझ्या आईनं चिक्कू तोडू दिला त्याच्यासाठी. तू तुझ्या बाजूनं खेळ. तुला आता कोण काय म्हणणार न्हाई. मी… मीच चुकलो तेव्हा. चुकलोच मी.”

एवढं बोलून ते भिंतीला टेकले. काकींनी पदर तोंडाशी नेला. माझ्या मनात त्या क्षणी फक्त आनंद होता, हे कबूल करायला हवं. वाटलं, झालं, जमलं.

इंद्रजित मॅटच्या उजवीकडे, डावऱ्यांच्या बाजूला जाऊन उभा राहिला. क्लब दोन्ही हातांत धरला, बोटं सोडली, पुन्हा धरली. हातांना एकमेकांची जागा सापडत नव्हती. त्याने एकदा क्लब मागे नेला आणि अर्ध्यातूनच खाली आणला.

“मला येत नाही, अण्णा.”

“येईल की. सराव न्हाई म्हणून.”

“सरावाचं नाही.” तो रागाने बोलत नव्हता. पुलाच्या कामाची माहिती द्यावी तसं बोलत होता. “तिकडे गेल्यावर मी पहिलं हेच केलं होतं. डाव्या हाताने लिहायला बसलो. डाव्या हाताने जेवायला लागलो. कुणी बघायला नव्हतं, कुणी अडवायला नव्हतं. किती दिवस केलं. हात ऐकतच नाही. अक्षर लहान पोरासारखं येतं, घास सांडतो. मग सोडून दिलं.” त्याने क्लब अलगद खोक्यात ठेवला. “ते गेलं आता. मी उजव्या हाताचाच आहे.”

 पडद्यावर मैदान तसंच पसरलेलं होतं. मी आखलेली ती दोन्हीकडून सारखी, नेटकी खोली मला एकदम नकोशी झाली. अण्णांचा चेहरा मला बघवेना. त्यांच्या मनातला मुलगा सगळी वर्षं डाव्या हाताने चेंडू मारत होता, त्याच्यासाठी त्यांनी भिंत लांब नेली होती, आणि तो मुलगा जगात कुठेच नव्हता.

इंद्रजितलाच बहुधा आमची कीव आली. त्याने अण्णांच्या पिशवीतला जुना क्लब काढला, मॅटच्या डावीकडे उभा राहिला आणि चेंडू मारला. चांगला मारला. पडद्यावर चेंडू उंच उडून लांब हिरवळीवर पडला. “मस्त आहे हे, अण्णा,” तो म्हणाला. “खूप छान केलंय.” घरी आलेला पाहुणा म्हणतो तसंच ते होतं. त्याने मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं. तो आता निघणार, हे मला कळलं. काकींनाही कळलं.

अण्णांनी पडद्याकडे पाहिलंच नव्हतं. ते भिंतीपासून निघाले, मॅटजवळच्या बादलीतला एक चेंडू मॅटवर ठेवला, खोक्यातला डावऱ्यांचा क्लब उचलला आणि मॅटच्या उजव्या बाजूला, उलटे, जाऊन उभे राहिले.

“अहो, हे काय?” काकी म्हणाल्या.

अण्णांनी क्लब फिरवला. चेंडू जागेवर, क्लब हवेत, आणि ते स्वतः कलंडता कलंडता सावरले. दुसऱ्यांदा फिरवला तो धाडकन मॅटवर आपटला. मनगटात कळ गेली असावी, कारण त्यांनी हात झटकला. तिसऱ्यांदा चेंडूला कड लागली आणि तो पडद्याकडे न जाता भिंतीशी घरंगळत गेला.

“राहू दे हो. कंबर धरंल तुमची.”

“थांब जरा.”

“अण्णा, पुरे,” इंद्रजित म्हणाला. “कशाला उगाच?”

अण्णा वाकले होते तसेच वाकून राहिले. धाप लागली होती. मान वर न करता त्यांनी विचारलं, “असंच वाटायचं काय रे तुला?”

 इंद्रजितने आपला डावा हात उघडून पाहिला.

“हो,” तो म्हणाला.

अण्णांनी मान हलवली. डोळ्यांतून पाणी येत होतं, ते त्यांनी पुसलं नाही. ते परत पवित्रा घेऊन उभे राहिले, हात जुळेनात ते जुळवत बसले. मॅटवर चेंडू नाही, हे त्यांच्या ध्यानातही नव्हतं.

मग इंद्रजित पुढे आला. वडिलांच्या पायांशी तो खाली बसला, बादलीतला एक चेंडू घेतला आणि मॅटवर नीट ठेवला. उठला नाही. तसाच मागे सरकत भिंतीपाशी गेला आणि तिला पाठ लावून, मांडी घालून बसला.

“मारा, अण्णा,” तो म्हणाला. “मला घाई नाही.”